कंपनीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि ताकदवान इंजिन

कारखान्यातून बसवून आलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तसाच ठेवून त्याच्यापुढे जास्त ताकदीचे इंजिन जोडण्याची रीत अमेरिकेत १९५० च्या दशकात रुजली. असा गिअरबॉक्स टिकतो का, या प्रश्नाला प्रत्येक काळात वेगळे उत्तर मिळाले. कंपनीने त्या काळी गिअरबॉक्समध्ये किती राखीव ताकद ठेवली होती, यावर ते उत्तर ठरत असे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा इतिहास हा बऱ्याच अंशी या राखीव ताकदीच्या चढउताराचा इतिहास आहे.

गिअरबॉक्स कुठे हार खातो, हे त्याच्या रचनेवरून समजते. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. गाडी जागेवरून सुटताना तो इंजिनाचा टॉर्क जवळपास दुप्पट करतो. त्यामागे ग्रहमालिकेसारख्या रचनेचे गिअर असतात. त्यातला कोणता भाग फिरवायचा आणि कोणता अडवून धरायचा, हे क्लच प्लेटांचे संच आणि पोलादी पट्टे ठरवतात. हे सगळे तेलाच्या दाबावर चालते. ५०० न्यूटन-मीटर टॉर्क देणारे इंजिन घेतले, कन्व्हर्टरने तो दुप्पट केला आणि पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.४८ असले, तर गाडी सुटताना गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर सुमारे २,४८० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो.

पोलादी दात आणि शाफ्ट हा पीळ बहुधा सोसतात. आधी हार खातात त्या क्लच प्लेटा. प्लेटांची पकड त्यांची संख्या, त्यांचा घेर आणि तेलाचा दाब यांवर अवलंबून असते. ती अपुरी पडली की प्लेटा घसरतात, तापतात आणि जळतात. त्यांचा जळका थर तेलात मिसळून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांमध्ये अडकतो. मग दाब आणखी घटतो आणि उरलेल्या प्लेटाही जातात. उष्णता हा दुसरा शत्रू आहे. तेलाचे तापमान ८० अंश सेल्सिअसच्या वर गेले की दर ११ अंशांमागे त्याचे आयुष्य निम्मे होते, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे.

तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे नेण्याची कल्पना मोटारीसाठी निघालेली नव्हती. जर्मन अभियंता हर्मन फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये जहाजांसाठी तिचे पेटंट घेतले. मोठ्या टर्बाइनची ताकद दातांवर भार न टाकता प्रॉपेलरपर्यंत न्यावी, हा त्यामागचा विचार होता. म्हणजे हे तंत्र जन्मले तेच भरपूर ताकद पेलण्यासाठी. मोटारीत ते व्यापारी प्रमाणावर आणले जनरल मोटर्सने. अर्ल थॉम्पसन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला चार गिअरचा हायड्रामॅटिक १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये विक्रीला आला आणि पुढच्याच वर्षी कॅडिलॅकमध्येही मिळू लागला. वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या टॉर्कचा काही भाग तेलाला वगळून थेट गिअरमार्गे जात असे. त्यामुळे घसरण कमी होई आणि उष्णताही कमी निर्माण होई.

दुसऱ्या महायुद्धाने या गिअरबॉक्सची कसोटी घेतली. १९४२ पासून बनलेल्या सुमारे १५ टनांच्या एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात कॅडिलॅकची दोन व्ही-८ इंजिने होती आणि प्रत्येकाला स्वतंत्र हायड्रामॅटिक जोडलेला होता. दोन्हींची ताकद पुढे एका ट्रान्सफर युनिटमध्ये एकत्र होई. मोटारीसाठी बनलेले इंजिन आणि गिअरबॉक्स रणगाड्यात उपयोगी पडले; युद्धाच्या अखेरच्या काळातील एम-२४ चॅफी रणगाड्यातही हीच जोडी वापरली गेली. युद्धानंतर कंपनीने आपल्या जाहिरातींत या अनुभवाचा भरपूर उपयोग केला. हडसन, नॅश आणि लिंकन यांनी हायड्रामॅटिक विकत घेतला, तर रोल्स-रॉइसने परवाना घेऊन स्वतः बनवला.

शांततेच्या काळात या ताकदीचा शोध लावला तो पाव मैलाच्या ड्रॅग रेसिंगच्या हौशी मंडळींनी. १९५० च्या दशकापर्यंत शर्यतीत क्लच पेडल आणि हाताने टाकायचा गिअर हेच खरे, असा समज होता. कॅलिफोर्नियात बॉब स्पार आणि मॉर्ट शुमन यांनी १९५३ मध्ये बी अँड एम ही कंपनी काढली. हायड्रामॅटिकचा तेलाचा दाब वाढवून आणि गिअर बदलण्याची वेळ चालकाच्या हाती देऊन त्यांनी ‘हायड्रो स्टिक’ तयार केला. सुपरचार्जर बसवलेल्या जुन्या विलीज गाड्यांमध्येही तो वापरला जाऊ लागला.

या फेरफारामागचे कारण महत्त्वाचे आहे. घरगुती गाडीत गिअर हळुवार पडावा म्हणून कंपनी एक क्लच सुटत असतानाच दुसरा हळूहळू पकडायला लावते. प्रवाशाला धक्का बसत नाही, पण तेवढा वेळ प्लेटा घसरत राहतात. साध्या इंजिनात ही घसरण खपून जाते. दुप्पट टॉर्कमध्ये तिनेच प्लेटा जळतात. दाब वाढवून गिअर झटक्यात पाडला की गाडीला हिसका बसतो, पण प्लेटा वाचतात. आजवरच्या जवळपास प्रत्येक ‘शिफ्ट किट’चे तत्त्व हेच आहे.

१९६० चे दशक हा राखीव ताकदीचा सुवर्णकाळ होता. क्रायस्लरने १९५६ मध्ये आणलेला तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट १९६२ मध्ये अॅल्युमिनियमच्या आवरणात नव्याने आला. तोच ए-७२७. क्रायस्लरच्याच अभियंत्यांच्या ‘रॅमचार्जर्स’ या संघाने तो बसवलेल्या डॉज गाड्या ड्रॅग शर्यतींत उतरवल्या आणि हाताने गिअर टाकणाऱ्यांना हरवले. पुढे ४२५ अश्वशक्ती आणि सुमारे ६६० न्यूटन-मीटर टॉर्कचे रस्त्यावरचे ४२६ हेमी इंजिन १९६६ ते १९७१ या काळात विकले गेले, तेव्हा त्याच्यामागे चार गिअरचा मॅन्युअल किंवा टॉर्कफ्लाइट एवढेच पर्याय होते. मात्र एकाच नावाच्या ए-७२७ मध्ये इंजिनानुसार क्लच प्लेटांची संख्या वेगळी असे. साध्या गाडीतून काढलेला ए-७२७ आणि हेमीमागचा ए-७२७ बाहेरून सारखे दिसत असले, तरी त्यांची ताकद सारखी नव्हती.

या दणकट गिअरबॉक्सची एक दुखरी जागाही होती. पहिल्या गिअरमध्ये मागच्या ड्रमला उलट फिरू न देणारा एकेरी क्लच असतो. चाके जोरात फिरत असताना तो निकामी झाला, तर पुढचा ड्रम इंजिनाच्या दुपटीहून जास्त वेगाने फिरतो आणि फुटू शकतो. त्याचे तुकडे आवरण फोडून चालकाच्या पायांपर्यंत येतात. म्हणूनच वेगवान ड्रॅग गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सभोवती संरक्षक कवच सक्तीचे झाले.

जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा १९६४ मध्ये कॅडिलॅकमध्ये आला. जड, आलिशान गाडीचे वजन निमूटपणे ओढण्यासाठी तो बनला होता आणि त्यामुळेच त्यात भरपूर ताकद शिल्लक होती. १९७० च्या शेव्हेल गाडीतल्या ४५० अश्वशक्तीच्या एलएस-६ इंजिनामागे तो बसला. रोल्स-रॉइस आणि जग्वार यांनी तो घेतला आणि १९७६ मध्ये फेरारीने आपली पहिली ऑटोमॅटिक गाडी, फेरारी ४००, त्याच्याच भरवशावर काढली. पुढे अमेरिकी सैन्याच्या हमवी गाडीतही तोच गेला. फोर्डने १९६६ मध्ये आणलेला सी-६ याच पठडीतला. शेव्हरोलेच्या दोन गिअरच्या पॉवरग्लाइडने मात्र वेगळी वाट दाखवली. गाडी हलकी आणि इंजिन प्रचंड असेल तर तीन गिअर लागतच नाहीत. एकदाच गिअर बदलायचा, फिरणारे भाग हलके ठेवायचे आणि इंजिनाची ताकद कमीत कमी खायची, या गुणांमुळे १९७३ मध्ये उत्पादन थांबल्यानंतरही ड्रॅग शर्यतींत त्याची रचना टिकून राहिली.

लांब पल्ल्याच्या शर्यतीने याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. टेक्ससच्या जिम हॉल यांच्या चॅपरल गाड्यांमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असलेले ट्रान्समिशन होते. ५.४ लिटर इंजिनाच्या गाडीने १९६६ ची नुर्बुर्गरिंगची १,००० किलोमीटर शर्यत जिंकली. १९६७ च्या चॅपरल २-एफ मध्ये इंजिन ७ लिटरचे झाले. गाडी आघाडीच्या वेगाने धावे, पण ट्रान्समिशन वारंवार दगा देई. ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीतूनही त्यामुळेच माघार घ्यावी लागली. मोसमाच्या अखेरीस ब्रँड्स हॅचला ती जिंकली. ड्रॅग शर्यतीत दहा-बारा सेकंद भार सोसायचा आणि मग थंड व्हायचे. इथे तोच भार तासन्‌तास होता. ताकद पेलणे म्हणजे पीळ सोसणे आणि उष्णता बाहेर टाकत राहणे, ही दोन्ही कामे एकत्र साधणे होय.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर कारखान्यांनी राखीव ताकदच छाटली. गाडीचे वजन आणि पेट्रोल वाचवण्यासाठी गिअरबॉक्स हलके झाले. जनरल मोटर्सचा १९७६ चा टर्बो हायड्रामॅटिक २०० साध्या, थकलेल्या इंजिनांमागेही तक्रारींचा धनी झाला. १९८३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनबरोबर झालेल्या तडजोडीत या तक्रारींचा निवाडा लवादामार्फत करणे कंपनीने मान्य केले. १९८२ चा चार गिअरचा ७००-आर-४ त्याहून बरा होता, पण सुरुवातीला त्याचा पुढचा शाफ्ट कमजोर होता. पुढच्या काही वर्षांत तो जाड करावा लागला.

या गिअरबॉक्समधली एक साधी केबल अनेकांना महागात पडली. अॅक्सिलरेटर किती दाबला आहे हे ती गिअरबॉक्सला सांगते आणि त्यावरून तेलाचा दाब ठरतो. इंजिन बदलताना ती सैल राहिली, तर पूर्ण ताकद सुरू असताना दाब मात्र रमतगमत चालणाऱ्या गाडीएवढाच राहतो आणि प्लेटा पाहता पाहता जळतात. अशा वेळी दोष गिअरबॉक्सच्या ताकदीला दिला जातो, पण चुकलेली असते ती जोडणी.

छाटलेल्या गिअरबॉक्सलाही नीट बांधले तर तो बरेच पेलतो, हे ब्यूइकने दाखवले. १९८७ च्या ग्रँड नॅशनलमध्ये २४५ अश्वशक्तीचे ३.८ लिटर टर्बो व्ही-६ इंजिन होते आणि त्यामागे टर्बो २०० च्याच घराण्यातला २००-४-आर. त्याच वर्षीच्या ५४७ जीएनएक्स गाड्यांत अधिकृत ताकद २७६ अश्वशक्तीवर गेली. त्यासाठी कंपनीने तेलाच्या वाटा आणि दाब सांभाळणारी व्हॉल्व्ह बॉडी आणि कन्व्हर्टर बदलले आणि तेल थंड ठेवण्याची सोय वाढवली. हौशी लोक गॅरेजमध्ये करत आले, तेच काम इथे कारखान्याने केले.

१९९० च्या दशकात गिअरबॉक्सचा कारभार इलेक्ट्रॉनिक झाला आणि प्रश्नाचे रूपच बदलले. गिअर पडण्याच्या क्षणी संगणक इंजिनाची ताकद क्षणभर कमी करू लागला, त्यामुळे प्लेटांवरचा भार हलका झाला. ताकद आता गिअरबॉक्सच्या नावातही आली: जनरल मोटर्सच्या ४एल६०-ई आणि ४एल८०-ई मध्ये ६० आणि ८० हे आकडे तुलनात्मक क्षमतेचे आहेत. क्षमता संपली तर कारखान्याने इंजिनालाच लगाम घातला. मर्सिडीजच्या ६५ एएमजी गाड्यांतले सहा लिटरचे व्ही-१२ इंजिन १,२०० न्यूटन-मीटर देऊ शकत होते. गिअरबॉक्स वाचवण्यासाठी ते १,००० वर रोखले गेले. २००३ मध्ये आलेला कंपनीचा नवा सात गिअरचा बॉक्स एवढा टॉर्क पेलत नव्हता, म्हणून या गाड्यांमध्ये जुना पाच गिअरचाच चालू राहिला.

२००९ पासून वापरात आलेल्या झेडएफ कंपनीच्या आठ गिअरच्या घराण्याने राखीव ताकद परत आणली. त्यातल्या ८एचपी९० मधील ९० चा अर्थ ढोबळमानाने ९०० न्यूटन-मीटर. डॉजने २०१५ च्या ७०७ अश्वशक्तीच्या हेलकॅट गाडीत तो बसवला आणि २०१८ च्या डीमनमध्ये शर्यतीच्या इंधनावर ८४० अश्वशक्ती आणि १,०४४ न्यूटन-मीटर टॉर्क त्याच्याच हवाली केला. त्यासाठी कन्व्हर्टर मजबूत केला आणि सुटण्याच्या क्षणापर्यंत गाडी जागीच धरून ठेवणारा, शर्यतीत वापरला जाणारा ट्रान्सब्रेक रस्त्यावरच्या गाडीत कारखान्यातूनच दिला.

म्हणून कंपनीचा गिअरबॉक्स ताकदवान इंजिन पेलेल का, हे केवळ अश्वशक्तीच्या आकड्यावरून सांगता येत नाही. तो कोणत्या काळातला आहे आणि मुळात कोणत्या इंजिनामागे होता, गाडीचे वजन किती आहे, भार काही सेकंदांचा आहे की तासांचा, तेलाचा दाब इंजिनाच्या ताकदीबरोबर वाढतो का आणि उष्णता बाहेर जायला वाट आहे का, हे पाहावे लागते. जड गाड्यांसाठी बनलेले १९६० च्या दशकातले गिअरबॉक्स मूळ क्षमतेच्या पुष्कळ पुढे गेले, तर पेट्रोल वाचवण्यासाठी बनलेले आपल्या मर्यादेपाशीच थांबले. दाब, तेलाचा थंडावा आणि अचूक जोडणी सांभाळली, तर दोन्ही जातींचे गिअरबॉक्स जास्त टिकले.