जन्मजात मिनामाता रोग

गर्भवतीच्या आहारातील मासळीतून आलेल्या मिथिल पारा या विषारी संयुगामुळे गर्भाच्या मेंदूस इजा होऊन उद्‌भवणारी विकृती. जपानच्या क्यूशू बेटावरील मिनामाता या गावावरून रोगाचे नाव पडले. मातेच्या रक्तातील विषांपासून वार गर्भाचे रक्षण करते, हा वैद्यकातील रूढ समज या रोगाच्या अभ्यासामुळे टिकू शकला नाही. त्यामुळे वैद्यकाच्या इतिहासात त्याला विशेष महत्त्व आहे.

मिनामाता येथे १९०८ मध्ये रासायनिक कारखाना निघाला. पुढे चिस्सो या नावाने ओळखल्या गेलेल्या त्याच्या मालक कंपनीने १९३२ मध्ये तेथे ॲसिटाल्डिहाइडाचे उत्पादन सुरू केले. त्यात पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरीत. प्रक्रियेत अल्प प्रमाणात तयार होणारा मिथिल पारा सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई आणि मासे व शिंपले यांच्या शरीरात साचे. हीच मासळी किनाऱ्यावरील कोळी कुटुंबांचे मुख्य अन्न होते. प्रथम मांजरे झटके येऊन मरू लागली. नंतर माणसांत हातपाय बधिर होणे, तोल जाणे, वाचा अडखळणे व दृष्टिक्षेत्र आकुंचित होणे ही लक्षणे दिसू लागली. कारखान्याच्या रुग्णालयाचे प्रमुख हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी आरोग्य खात्यास अशा रुग्णांची माहिती कळविली. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ मध्ये कार्बनी पारा हे कारण असल्याचे जाहीर केले. तथापि विषारी सांडपाणी १९६८ पर्यंत वाहत राहिले. त्याच वर्षी शासनाने हे कारण अधिकृत रीत्या मान्य केले.

याच काळात परिसरात मान न धरणारी, चालता-बोलता न येणारी अनेक बालके जन्मास आली. त्यांनी दूषित मासळी खाल्लेली नव्हती, म्हणून त्यांना प्रमस्तिष्कीय पक्षाघात झाला आहे, असे निदान करण्यात येई. आपण खाल्लेल्या मासळीनेच मूल बाधित झाले, असे माता सांगत. परंतु बहुतेक मातांत लक्षणे सौम्य असल्याने त्यांचे म्हणणे ग्राह्य धरले जात नसे. मासाझुमी हाराडा यांनी या बालकांची व त्यांच्या कुटुंबांची पाहणी केली. मृत बालकांच्या शवविच्छेदनाने पुरावा मिळाल्यावर नोव्हेंबर १९६२ मध्ये १६ बालकांना जन्मजात रोगी म्हणून मान्यता देण्यात आली. अपत्याच्या नाळेचा वाळलेला तुकडा जपून ठेवण्याची चाल जपानी कुटुंबांत आहे. असे तुकडे मिळवून हाराडा व सहकाऱ्यांनी त्यांतील मिथिल पारा मोजला, तेव्हा त्याचे प्रमाण कारखान्याच्या उत्पादनाबरोबर वाढत गेल्याचे दिसून आले. कुमामोतो जिल्हा न्यायालयाने मार्च १९७३ मध्ये कंपनीस निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरविले.

मिथिल पारा सिस्टीन या ॲमिनो अम्लाशी संयोग पावतो. हा संयोग मेथिओनीन या पोषक ॲमिनो अम्लासारखा भासतो, त्यामुळे गर्भाकडे पोषकद्रव्ये नेणारी यंत्रणाच त्याला वारेपलीकडे व पुढे मेंदूत पोहोचविते. नाळेच्या रक्तात त्याचे प्रमाण मातेच्या रक्तातील प्रमाणाहून अधिक आढळते. गर्भाच्या मेंदूतील पेशींचे विभाजन व स्थलांतर चालू असल्यामुळे तेथील इजा व्यापक व कायमची ठरते.

इराकमध्ये १९७१–७२ च्या हिवाळ्यात मिथिल पाऱ्याची प्रक्रिया केलेले बियाण्याचे धान्य खाण्यात येऊन ४५९ रुग्ण रुग्णालयांत दगावले. तेथेही गर्भावस्थेत बाधित झालेली बालके आढळली. अल्प मात्रेचा परिणाम अजमाविण्यासाठी फेअरो बेटांवर १९८६–८७ मध्ये जन्मलेल्या सु. १,००० बालकांचा अभ्यास झाला. तेथे पारा मुख्यतः देवमाशाच्या मांसातून येई. अधिक पारा पोहोचलेल्या बालकांत सातव्या वर्षी भाषा, अवधान व स्मृती यांत उणीव दिसली. भरपूर मासे खाणाऱ्या सेशेल्स बेटांवरील अभ्यासात मात्र असा सुसंगत दुष्परिणाम आढळला नाही. मासळीतील बहु-असंतृप्त वसाम्लांसारखी पोषकद्रव्ये गर्भाच्या मेंदूच्या वाढीस आवश्यक असून ती पाऱ्याच्या अपायास काही अंशी आळा घालीत असावीत, असे मानतात. म्हणून गर्भवतीने मासळी वर्ज्य करू नये; मोरी (शार्क), तलवार मासा यांसारखे मोठे भक्षक मासे टाळून लहान मासे खावेत, असा सल्ला देण्यात येतो.

पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण घालणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये कुमामोतो येथे संमत झाला व ऑगस्ट २०१७ मध्ये अंमलात आला. त्यास मिनामाताचेच नाव देण्यात आले आहे. भारताने २०१८ मध्ये त्याला अनुसमर्थन दिले.