शाळेला सुट्टी कुणी द्यायची?

आषाढात पावसाची झड लागली की पोरं सकाळी उठल्या उठल्या विचारतात, "आज शाळेला सुट्टी आहे का?" हीच आशा शाळेतल्या बाईंनाही असते. पदर खोचून, ओढा ओलांडून शाळा गाठायची, गळक्या वर्गात पोरं सांभाळायची, तर एखादा दिवस घरी राहावं असं त्यांनाही वाटणारच. पण ही सुट्टी द्यायची कुणी, आणि कधी? हा प्रश्न किती मोठा आहे, ते सांगणारी एक जुनी हकिगत आज ऐकू या.

अमेरिकेत नेब्रास्का आणि डाकोटा हा सपाट माळरानाचा मुलूख आहे. दीडशे वर्षांपूर्वी तिथं नव्यानं वस्ती होत होती. घरं लांब लांब, आणि शाळा म्हणजे माळावरची एक खोली. शिकवायला बहुतेक ठिकाणी एकटी, लग्न न झालेली तरुण मुलगी. तिनंच शेगडी पेटवायची, तिनंच शिकवायचं. राहायची सोय शेजारच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी.

१२ जानेवारी १८८८, गुरुवार. कित्येक दिवसांच्या कडाक्याच्या थंडीनंतर त्या सकाळी हवा उबदार होती. पोरं जाड कपडे न घालताच शाळेत आली. आणि दिवसाउजेडी एकाएकी हिमवादळ आलं. पिठासारखा बारीक बर्फ आणि सोसाट्याचा वारा. पुढं केलेला हातही दिसेना. रात्री पारा कित्येक ठिकाणी शून्याखाली ३० अंशांच्या आसपास गेला.

हवामानाचा अंदाज तेव्हा लष्कराचं एक खातं देत असे. इशारा तारेनं यायचा आणि रेल्वे स्टेशनवर निशाण लागायचं. माळावरच्या शाळेतून ते निशाण कुठलं दिसायला? आता पोरांना घरी सोडायचं की थांबवून घ्यायचं, हे त्या एकट्या मुलीनंच ठरवायचं होतं.

मिनी फ्रीमन ही अशीच एक शिक्षिका. वाऱ्यानं तिच्या शाळेचं दार उखडलं, मग छप्पर गेलं. थांबायला आसराच उरला नाही. ती डझनभराहून जास्त पोरांना घेऊन निघाली आणि सगळ्यांना एका शेतघरात सुखरूप पोचवलं. तिचं नाव देशभर गाजलं.

लोइस रॉइस हिच्याजवळ तीन लहान मुलं होती. दुपारी सरपण संपलं. तिचं राहतं घर शंभर मीटरही लांब नव्हतं. मुलांना घेऊन ती निघाली आणि वाट चुकली. रात्रभर उघड्यावर तिनं मुलांना अंगाशी धरलं, तरी तिन्ही मुलं थंडीनं गेली. तिचे पाय कापावे लागले. काही शाळांत मात्र सरपण पुरलं, भिंती टिकल्या. तिथली पोरं शाळेतच रात्र काढून वाचली.

या वादळात अंदाजे २३५ माणसं दगावली. त्यात शाळेतून घरी निघालेली मुलं इतकी होती, की त्याला 'शाळकरी मुलांचं हिमवादळ' असंच नाव पडलं.

मिनी धीट आणि लोइस भित्री, असं नव्हतं. दोघींनी जीव तोडून प्रयत्न केले. एकीला वाट सापडली, दुसरीला नाही. खरी उणीव होती ती वेळेवर न पोचलेल्या इशाऱ्याची आणि शाळेतल्या सरपणाची.

आज आपल्याकडे हवामान खातं लाल इशारा देतं, जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात. पण शाळा भरल्यावर दुपारी ओढ्याला पूर आला, तर? अशा वेळी घाईनं शाळा सोडणं हाच मोठा धोका असतो. आणि तेव्हाही बाई एकट्याच असतात.

म्हणून बायांनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हे बोलून घ्या. पाणी चढलं तर पोरं शाळेतच थांबतील का? ओढ्यापलीकडच्या पोरांना रात्री कुणाचं घर? बाईंनी पहिला फोन कुणाला करायचा? शाळेत तांदूळ, सरपण आणि चार सतरंज्या कोरड्या आहेत ना? हे पावसाआधी ठरलेलं असलं, की ऐनवेळी सगळा भार एकट्या बाईंवर पडणार नाही.