पावसाच्या पाण्यावर धावलेली लोकल

हेडफोन लावून लोकलच्या दारात उभे असाल, तर आजची गोष्ट तुमच्या डोक्यावरच्या तारांची आहे.

३ फेब्रुवारी १९२५. बोरीबंदरहून कुर्ल्याकडे हार्बर मार्गाने चार डब्यांची एक गाडी सुटली. देशातली विजेवर धावणारी पहिली प्रवासी रेल्वे. इंजिनाचा धूर नाही, डोळ्यांत उडणारी कोळशाची कणी नाही. आणि तिची वीज येत होती टाटांच्या कंपन्यांकडून, म्हणजे सह्याद्रीत पडलेल्या पावसातून!

हल्ली प्रत्येक मोठी कंपनी म्हणते, 'आम्ही ग्रीन होतोय.' पण मुळात नफ्यासाठी चालणारी व्यापारी कंपनी स्वच्छ वीज आणि स्वच्छ प्रवासासाठी काय करू शकते? याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत सापडतं. आणि ते निम्मं गोड, निम्मं कडू आहे.

जमशेटजी टाटांनी १८६८ मध्ये २१ हजार रुपयांवर एक व्यापारी पेढी सुरू केली. पुढे ते कापडगिरण्यांत उतरले. गिरणी म्हटलं की बॉयलर आला, बॉयलर म्हटलं की कोळसा. आणि मुंबईची पंचाईत अशी, की कोळशाच्या खाणी खूप दूर, बंगाल-बिहारकडे. कोळसा महाग पडायचा, आणि परळ-लालबागच्या आकाशात गिरण्यांच्या चिमण्यांचा धूर कायमचा.

डेव्हिड गॉसलिंग नावाच्या मुंबईच्या एका वास्तुविशारदाने सुचवलं, की लोणावळ्याकडे एवढा पाऊस कोसळतो, तो अडवून वीज का करू नये? जमशेटजींना कल्पना पटली, पण १९०४ मध्ये ते गेले. काम पुढे नेलं त्यांच्या मुलांनी आणि सहकाऱ्यांनी. १९१० मध्ये टाटा हायड्रो कंपनी स्थापन झाली. भांडवल मुख्यतः भारतातच उभं राहिलं, त्यात संस्थानिकांचेही पैसे होते.

आता यंत्रणा बघा, किती साधी आहे. चार महिन्यांचा पाऊस वळवण, लोणावळा, शिरवता इथल्या तलावांत साठवायचा. तिथून पाणी घाटाच्या कड्यापर्यंत आणायचं आणि जाड लोखंडी नळांतून जवळजवळ ५०० मीटर खाली खोपोलीला सोडायचं. त्या जोरावर टर्बाइन फिरतं. मग वीज तारांवरून सुमारे ७० किलोमीटर दूर परळला. १९१५ मध्ये हे सगळं सुरू झालं.

कंपनीने शहाणपणा केला तो इथे: आधी गिऱ्हाईक पक्कं केलं. गिरण्यांनी वीज घ्यायचं कबूल केलं, म्हणून धरणात पैसा घालायची हिंमत झाली. आणि एकदा भरवशाची वीज शहरात आल्यावर वाहतुकीलाही तिचा आधार मिळाला. १९२५ मध्ये हार्बर, १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली. अर्थात रेल्वेने कोळसा पूर्ण सोडला असंही झालं नाही. १९२९ मध्ये तिने कल्याणजवळ चोळ्याला स्वतःचं वीजकेंद्र उभारलं, तेही कोळशावर चालणारं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हे कुणी पर्यावरणासाठी केलं नव्हतं. 'ग्रीन' हा शब्दही या अर्थाने तेव्हा नव्हता. कोळशापेक्षा पाणी परवडत होतं, हाच हिशेब. पण त्या हिशेबात एक रकाना कोराच राहिला होता.

विजेची मागणी वाढली तशी कंपनीची नजर मुळशीकडे वळली. मुळा-निळा नद्यांचं ते खोरं म्हणजे भाताचं आगर. पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती. जमीन सरकारने कायद्याने घेऊन कंपनीला द्यायची, असा बेत होता. मावळ्यांना कुणी विचारलंच नाही. बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर. म्हणजे पिढ्यान् पिढ्या कसणारा एक आणि भरपाईचे पैसे घेणारा दुसरा!

१९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट पुढे झाले आणि याच लढ्याने त्यांना 'सेनापती' ही पदवी दिली. शेतकरी बांधकामावर जाऊन बसले, बायाही मागे राहिल्या नाहीत. लोक तुरुंगात गेले. तीनेक वर्षं झुंज चालली. पण सावकारांना जास्त भरपाई हवी होती आणि कुळांना जमीन. त्यात फूट पडली आणि लढा हरला. धरण झालं. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. मुंबईच्या लोकलला तारा मिळाल्या, मुळशीच्या माणसाला विस्थापन.

तुमच्यापैकी कितीजण कोलाडला राफ्टिंगला गेलेत? कुंडलिकेत सकाळी जे पाणी उसळतं ना, ते भिऱ्याला वीज करून सोडलेलं पाणी. म्हणजे मुळशीचंच. आणि वीकेंडला ज्या तलावाकाठी आपण सेल्फी काढतो, त्याच्या तळाशी कुणाचं तरी अंगण आहे.

मग यातून घ्यायचं काय? जलविद्युत वाईट, असं मला अजिबात म्हणायचं नाही. खोपोली नसती तर त्या गिरण्यांनी आणखी किती कोळसा जाळला असता! व्यापारी कंपन्या करू शकतात अशा दोन गोष्टी या इतिहासात स्पष्ट दिसतात. एक, स्वच्छ वीज दीर्घ मुदतीवर घ्यायचं वचन द्यायचं, म्हणजे ती बनवणाऱ्याला उभं राहता येतं. दोन, तीच वीज वाहतुकीपर्यंत न्यायची. तिसरी गोष्ट तेव्हा राहून गेली: ज्याची जमीन जाते त्याला आधी विचारायचं, आणि सातबाऱ्यावर नाव नसलं तरी राबणाऱ्याला नफ्यात वाटा द्यायचा.

आज माळरानांवर सोलर पार्क आणि पवनचक्क्या उभ्या राहतायत, ट्रक आणि बस विजेवर येतायत. छान आहे. पण पुढच्या वेळी एखादी कंपनी 'शंभर टक्के ग्रीन' अशी जाहिरात करेल, तेव्हा एकच प्रश्न विचारा: ही वीज कुणाच्या शेतातून आली, आणि त्याला काय मिळालं?

मुळशी भागातलं कुणी ऐकत असेल, तर तुमच्या आजी-आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!