फर्मान आणि फौज : हैदराबाद संस्थानातील लष्करी प्रशासन व त्याचे मंडळ (१९४८-१९४९)

प्रस्तावना

लष्करी राजवट हा विषय निघाला की आपल्याकडील इतिहासाच्या व राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचे लक्ष साहजिकच पश्चिम आफ्रिकेकडे जाते. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी घानामध्ये क्वामे एन्क्रुमा यांची सत्ता उलथून लष्कर व पोलीस अधिकाऱ्यांची 'राष्ट्रीय मुक्ती परिषद' सत्तेवर आली. त्याच वर्षी जानेवारीत नायजेरियात 'सर्वोच्च लष्करी परिषद' स्थापन झाली. राज्यघटना स्थगित करणे, संसद विसर्जित करणे आणि हुकूमनाम्यांद्वारे कारभार चालविणे हा अशा परिषदांचा ठरलेला क्रम होता. हे सर्व दूरच्या खंडात घडले, आपल्या भूमीशी त्याचा संबंध नाही, अशी आपली समजूत असते.

ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. मराठवाड्यातील तत्कालीन पाच जिल्ह्यांनी, म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद यांनी, १८ सप्टेंबर १९४८ ते ३० नोव्हेंबर १९४९ असे सुमारे साडेचौदा महिने एका मेजर जनरलचा कारभार अनुभवला. सोलापूरचा १९३० मधील मार्शल लॉ किंवा गोव्यातील डिसेंबर १९६१ ते जून १९६२ या काळातील लष्करी गव्हर्नरपद ही उदाहरणेही मराठी वाचकास परिचित आहेत. परंतु स्वतःचे प्रशासकीय मंडळ असलेली आणि जमीनधारणेसारख्या मूलभूत विषयावर कायदे करणारी लष्करी राजवट मराठी भाषिक प्रदेशात पाहावयाची असेल, तर हैदराबादकडेच वळावे लागते. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो. १८ सप्टेंबरपासून जे सुरू झाले त्याविषयी मात्र आपले लेखन फारच त्रोटक आहे. 'पोलीस अ‍ॅक्शन' या सौम्य शब्दप्रयोगाने त्या कारवाईचे लष्करी स्वरूप जसे झाकले गेले, तसेच त्यानंतरच्या राजवटीचेही.

प्रस्तुत लेखात एका प्रश्नापुरता विचार केला आहे. या राजवटीला अधिकार कोणी दिला, आणि त्या उत्तराचा तिच्या मंडळाच्या रचनेवर व कायद्यांवर कोणता परिणाम झाला?

दोन मंडळे

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. १७ सप्टेंबरला लायक अली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व निजाम मीर उस्मान अली खान यांनी युद्धबंदी जाहीर केली. १८ तारखेस संस्थानी फौजेचे प्रमुख जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. या दोन दिवसांच्या दरम्यान घडलेली एक गोष्ट लक्षणीय आहे. निजामाने कारभारासाठी युवराजांच्या नेतृत्वाखाली एक समिती नेमण्याचा प्रयत्न केला होता. राजा कायम, फौज आलेली, आणि कारभार राजाने नेमलेल्या मंडळाकडे, अशी ती योजना होती. भारत सरकारने ती मान्य केली नाही आणि ते मंडळ कामास लागण्यापूर्वीच बाद ठरले.

त्याऐवजी जे मंडळ आले त्याच्या प्रमुखपदी लष्करी गव्हर्नर म्हणून चौधरी होते. मुख्य मुलकी प्रशासक म्हणून मुंबई प्रांतातील सनदी अधिकारी दि. एस. बखले यांची नेमणूक झाली. सदस्यांमध्ये डी. आर. प्रधान, सी. व्ही. एस. राव, नवाब झैन यार जंग आणि राजा धोंडीराज बहादूर यांचा समावेश होता. झैन यार जंग हे निजामाचे दिल्लीतील एजंट जनरल राहिलेले गृहस्थ. म्हणजे बाहेरून आलेले अनुभवी प्रशासक आणि जुन्या हैदराबादेतील प्रतिष्ठित, असे हे मिश्रण होते. या यादीत मराठी आडनावे दिसतात. पण मराठवाड्याच्या लढ्यातून पुढे आलेला एकही माणूस दिसत नाही. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून सुटले होते, हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीवरील शिबिरांतून आपापल्या गावी परतले होते, आणि मंडळात मात्र त्यांच्यासाठी जागा नव्हती. काँग्रेसमधील गटबाजीमुळे हे घडले, असे कारण दिले जाते. ते काही अंशी खरे आहे. तरीही गटबाजी नसती तर जागा मिळालीच असती, असे मानण्यास आधार नाही. कारण या मंडळाची कल्पनाच प्रतिनिधित्वाची नव्हती, बंदोबस्ताची होती. जिल्ह्यांतही शेजारच्या प्रांतांतून आणलेले मुलकी अधिकारी नेमले गेले.

अधिकाराचा उगम

येथे या राजवटीचे सर्वांत वेगळे वैशिष्ट्य समोर येते. जिंकलेल्या प्रदेशावर विजेत्या सेनापतीचा अंमल, एवढेच कारण भारत सरकारला पुरेसे वाटले नाही. १९ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने फर्मान काढले आणि राज्यकारभाराचे सर्व अधिकार लष्करी गव्हर्नरकडे सोपविले. ज्याच्या सैन्याचा पराभव झाला त्याच्याच सहीने विजेत्याला अधिकार मिळाला. ही औपचारिकता होती हे उघड आहे. परंतु इतिहासात औपचारिकतेचे परिणाम पुष्कळदा खरे असतात.

पहिला परिणाम असा की जुनी चौकट मोडली नाही. निजाम गादीवर राहिले, हाली शिक्का चलनात राहिला, आणि भारतीय सेनेच्या जनरलने केलेल्या कायद्यांवर फसली सन पडला. रझाकारी काळातील गुन्ह्यांसाठी ज्या विशेष न्यायाधिकरणांची स्थापना झाली, त्यांचा कायदा १३५८ फसलीचे पाचवे रेग्युलेशन म्हणून ओळखला जातो.

दुसरा परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे. 'राज्यकारभाराचे सर्व अधिकार' यात कायदे करण्याचा अधिकार येतो काय, अशी शंका उरली होती. ती दूर करण्यासाठी ७ ऑगस्ट १९४९ रोजी निजामाकडून दुसरे फर्मान घेण्यात आले. लष्करी गव्हर्नरच्या अधिकारात रेग्युलेशन करण्याचा अधिकार अंतर्भूत आहे व तो पहिल्यापासूनच होता, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. या तारखेनंतर अवघ्या आठ दिवसांनी, १५ ऑगस्ट १९४९ रोजी, हैदराबाद जहागीर निर्मूलन रेग्युलेशन जारी झाले. हा योगायोग नसावा. ज्या कायद्याने संस्थानातील सर्वांत प्रबळ वर्गाचा पाया काढून घ्यावयाचा, तो न्यायालयात टिकला पाहिजे याची काळजी आधीच घेतली गेली, असे अनुमान काढता येते.

जहागिरीचा अंत

संस्थानातील जमिनीपैकी ढोबळमानाने ६० टक्के दिवाणी, ३० टक्के जहागिरी आणि १० टक्के निजामाची खासगी, म्हणजे सर्फ-ए-खास होती. सर्फ-ए-खास फेब्रुवारी १९४९ मध्ये दिवाणीत विलीन करण्यात आली. जहागिरींच्या ताब्यात सहा हजारांहून अधिक गावे होती. दिवाणी रयतेला निदान सरकारी मोजणीचा व ठरलेल्या साऱ्याचा आधार असे; जहागिरीतील रयतेच्या वाट्याला जादा सारा, नाना प्रकारच्या पट्ट्या आणि वेठ येत असे. मोठ्या जहागिरींना स्वतःचे पोलीस व न्यायदानाचे अधिकारही होते. रयतेने तक्रार करावयाची कोणाकडे, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच कचेरीत.

ऑगस्ट १९४९ च्या रेग्युलेशनने जहागिरींचा कारभार जहागीर प्रशासकाकडे गेला आणि रयतेचा संबंध थेट सरकारशी जोडला गेला. जहागीरदारांना मात्र त्यांची घरखेड जमीन ठेवता आली, तात्पुरती निर्वाहाची रक्कम मिळाली आणि पुढे जानेवारी १९५० च्या रेग्युलेशनने मोबदल्याचे सूत्र ठरले. इनामे राहिली; ती १९५५ च्या कायद्यापर्यंत टिकली. गावातील देशमुख, वतनदार आणि सावकार यांच्या स्थानाला या रेग्युलेशनने स्पर्श केला नाही. कसेल त्याच्या हक्काचा प्रश्न १९५० च्या कूळकायद्यापर्यंत थांबला. तरीही निवडून आलेल्या कोणत्याही सभेविना एका सेनापतीच्या सहीने एवढा मोठा बदल झाला, हे नाकारता येत नाही. त्यामागे तेलंगणातील कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील सशस्त्र शेतकरी उठावाचा दबाव होता. मराठवाड्यातील रयतेला मिळालेली ही सवलत काही अंशी नलगोंडा व वरंगळच्या शेतकऱ्यांनी मिळवून दिलेली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

नंदुरबार परिसरातील वाचकांसाठी येथे एक साम्य नोंदवावेसे वाटते. तत्कालीन पश्चिम खानदेशातील मेवासी इस्टेटींचे मालकी हक्कही विधिमंडळाच्या कायद्याने नव्हे, तर १९६१ च्या रेग्युलेशननेच नष्ट झाले. तेथे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने राज्यपालांना तो अधिकार दिला होता. मात्र त्याला आदिवासी सल्लागार परिषदेशी विचारविनिमय व राष्ट्रपतींची संमती यांची अट होती. शब्द तोच, परंतु त्याच्या मागे उभी असलेली संस्था निराळी. हैदराबादेत १९४९ साली अशी कोणतीही सल्लागार परिषद नव्हती.

न्यायालयासमोर

नायजेरियात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने लकानमी खटल्यात लष्करी सरकारचा एक हुकूमनामा अवैध ठरविला. त्यावर लष्करी सरकारने त्याच वर्षी २८ व्या क्रमांकाचा हुकूमनामा काढला आणि आपले आदेश न्यायालयीन तपासणीच्या पलीकडे असल्याचे जाहीर केले. तेथे लष्करी परिषद हीच अधिकाराचा अंतिम उगम होती. तिच्या वर कोणी नव्हते.

हैदराबादेत चौधरी यांच्या वर दिल्लीचे संस्थान खाते होते, सरदार पटेल व व्ही. पी. मेनन होते, आणि २६ जानेवारी १९५० नंतर राज्यघटना आली. जहागीर निर्मूलनाला आव्हान देणारा सरवरलाल खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६० साली न्यायालयाने फर्मानांची साखळी तपासली, निजामाच्या सार्वभौम अधिकारातून लष्करी गव्हर्नरचा अधिकार उगम पावतो असे मानले आणि रेग्युलेशन वैध ठरविले. दुसरीकडे, वरंगळचे तत्कालीन सुभेदार हबीब महंमद यांना विशेष न्यायाधीशाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये रद्द केली. महत्त्वाचा साक्षीदार तपासला गेला नाही, हे त्याचे मुख्य कारण होते. विशेष न्यायाधीशाच्या निर्णयाची अशी तपासणी होऊ शकली, याचे महत्त्व लोकप्रिय खटल्यांपेक्षा अलोकप्रिय आरोपींच्या खटल्यांतच अधिक जाणवते.

जे तपासले गेले नाही

परंतु न्यायालयापर्यंत सर्वच गोष्टी पोहोचल्या नाहीत. रझाकारांच्या अत्याचारांच्या कथा मराठवाड्यात घरोघरी सांगितल्या जातात आणि त्या खऱ्या आहेत. लष्करी कारवाईच्या वेळी व त्यानंतरच्या आठवड्यांत मुस्लिम रहिवाशांवर झालेल्या हिंसेची कथा मात्र त्याच गावांत दबक्या आवाजात उरली. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या शिष्टमंडळाने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये १६ पैकी नऊ जिल्ह्यांचा दौरा केला. त्यांच्या अंदाजानुसार २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली होती. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे दिली. त्यांपैकी दोन मराठवाड्यातील आहेत. हा आकडा अंदाज आहे, जनगणना नव्हे, आणि त्यावर मतभेद होऊ शकतात. परंतु अहवाल प्रसिद्धच न झाल्यामुळे मतभेद होण्याचीही सोय राहिली नाही. संशोधकांना तो सहजपणे पाहता येऊ लागला तो २०१३ च्या सुमारास, म्हणजे ६५ वर्षांनी.

लष्करी गव्हर्नरच्या मंडळात जिल्ह्यांचे प्रतिनिधी असते तर ही हिंसा रोखली गेली असती, असे म्हणणे धाडसाचे होईल. स्थानिक पुढारी सर्वत्र निःपक्षपाती होते असे नाही. मात्र प्रश्न विचारण्याची जागा तरी निर्माण झाली असती. सनदी अधिकाऱ्यांच्या मंडळात कागद वर जातो, उत्तर खाली येते. सभागृहात ते सर्वांसमोर द्यावे लागते. याच काळात हैदराबादसाठी स्वतंत्र घटना समिती निवडण्याची चर्चा होती. ती मागे पडली आणि २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने भारताची राज्यघटना स्वीकारत असल्याचे फर्मान काढले.

राजवटीचा शेवट

१ डिसेंबर १९४९ च्या आणखी एका फर्मानाने चौधरी यांच्याकडील अधिकार सनदी अधिकारी एम. के. वेलोडी यांच्याकडे मुख्यमंत्री या नावाने आले. लष्करी राजवट जशी फर्मानाने आली तशीच फर्मानाने गेली; तिला घालविण्यासाठी घानाप्रमाणे एका उठावामागून दुसरा उठाव करावा लागला नाही. घानात १९६९ साली मुलकी सरकार आले, १९७२ मध्ये ते पुन्हा उलथले गेले, आणि ३१ डिसेंबर १९८१ रोजी सत्तेवर आलेली तेथील शेवटची लष्करी परिषद जानेवारी १९९३ पर्यंत टिकली. चौधरी पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले आणि सरकारच्या आदेशाखाली निवृत्तीपर्यंत काम करीत राहिले.

वेलोडी यांचे सरकारही नेमलेलेच होते. त्यात जून १९५० मध्ये प्रथमच स्टेट काँग्रेसचे चार मंत्री घेण्यात आले : बी. रामकृष्ण राव, विनायकराव विद्यालंकार, व्ही. बी. राजू आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील लढ्याचे कार्यकर्ते फूलचंद गांधी. पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठवाड्याचा माणूस संस्थानाच्या मंडळात बसण्यास एकवीस महिने लागले. प्रौढ मताधिकाराने निवडलेले मंत्रिमंडळ मार्च १९५२ मध्ये अधिकारावर आले. ही सर्व फर्माने काढणारे मीर उस्मान अली खान ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत, म्हणजे मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत, राजप्रमुख म्हणून पदावर होते.