गल्फ-अमेरिकेहून आणलेली उपकरणं घरात लावताय? आधी पिन नाही, लेबल बघा

दापोली, मंडणगड, खेड, गुहागर या तालुक्यांत आखाती देशांत नोकरीला असलेली माणसं अनेक घरांत आहेत. सुट्टीवर येताना इस्त्री, किटली, मिक्सर, ट्रिमर असं काही ना काही बॅगेत येतंच. आणणारा महिन्याभरात परत जातो. वस्तू वापरायची वेळ येते ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांवर आणि बायकांवर. म्हणून ती सुरक्षित लावून देणं हे आणणाऱ्याचंच काम.

लेबलवर काय बघायचं?

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असते. उपकरणाच्या तळाशी किंवा चार्जरवर बारीक अक्षरांत 'इनपुट' लिहिलेलं असतं.

- १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ : मोबाईल व लॅपटॉपचे बहुतेक चार्जर असे असतात. फक्त पिन जुळवली की झालं.
- २२० ते २४० व्होल्ट : आखाती देश, इंग्लंड व युरोपातल्या वस्तू. व्होल्टेजची अडचण नाही. मात्र सौदीत वीज ६० हर्ट्झची आहे. लेबलवर फक्त ६० हर्ट्झ असेल तर मोटर किंवा कॉम्प्रेसरची वस्तू आपल्याकडे तापू शकते.
- १०० किंवा १२० व्होल्ट : जपान व अमेरिकेतल्या वस्तू. या थेट लावायच्याच नाहीत.

अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. बाजारातला साधा अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. १२० व्होल्टची इस्त्री २३० व्होल्टवर लावली तर व्होल्टेज जवळपास दुप्पट होतं, पण उष्णता जवळपास चौपट होते. एक तर वस्तू क्षणात जळते, नाहीतर आग लागते.

अशा वस्तूला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याची क्षमता वस्तूच्या वॅटपेक्षा थोडी जास्तच हवी. तरी हर्ट्झ त्याने बदलत नाहीत. १५०० वॅटच्या हेअर ड्रायरसाठी एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा इथलाच ड्रायर घेतलेला परवडतो.

गल्फची चौकोनी पिन

दुबई, कतार, कुवेत, ओमानकडची तीन चपट्या टोकांची पिन आपल्या बोर्डात बसत नाही. तिच्या आत बहुधा ३ किंवा १३ अँपिअरचा फ्यूज असतो. तो उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. तार किंवा चांदी गुंडाळून काम भागवू नये.

किटली, हीटर, इस्त्री यांचे वॅट बघा. ३००० वॅटची किटली सुमारे १३ अँपिअर वीज ओढते. आपल्या बोर्डातलं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे जेमतेम १३८० वॅटपर्यंतचं. त्यात अडॅप्टर घालून किटली लावली की सॉकेट वितळतं. अशी वस्तू १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच, आयएसआय मार्कची पिन बसवून लावावी. सॉकेटमागची वायरही तेवढी जाड हवी.

हे प्रकार टाळा

- वरच्या अर्थच्या भोकात पेन किंवा टेस्टर खुपसून दोन पिनेची वस्तू बसवणं. शटर उघडतं, पण पिन ढिली राहते आणि ठिणग्या उडतात.
- पिन कापून उघड्या तारा काडीने भोकात अडकवणं.
- युरोपची दोन गोल टोकांची पिन तशीच घालणं. तिचा अर्थ बाजूच्या पट्ट्यांवर असतो, तो आपल्या सॉकेटला टेकतच नाही. वस्तूची बॉडी धातूची असेल तर शॉकचा धोका.

पिन बदलताना रंगांचा घोळ

आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. गल्फ-युरोपच्या वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. अमेरिकेच्या वायरीत मात्र काळी म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल! नुसत्या अंदाजाने जोडली तर बटण बंद असतानाही वस्तूत करंट राहू शकतो. त्यामुळे हे काम लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावं.

वस्तूची वायर सुटी निघणारी असेल तर पिन कापायचीच गरज नाही. तशीच इथली आयएसआय मार्कची वायर दुकानात मिळते.

घराची तयारी

अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर करंट गळताच लाइट बंद होते. पिन किंवा सॉकेट हाताला गरम लागलं, जळका वास आला, तर आधी बटण बंद करा, मग पिन काढा. कुणाला शॉक बसत असेल तर हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा. पेटलेल्या बोर्डावर पाणी कधीच टाकू नका.

परत जाण्याआधी प्रत्येक वस्तूवर मराठीत चिठ्ठी चिकटवून जावं : कुठल्या सॉकेटला लावायची आणि कुठल्या नाही.