कार्बन डायऑक्साइड-परिवर्तनाचे उत्प्रेरक

कोळशाच्या ज्वलनातून, चुनखडीच्या भाजणीतून किंवा मळीच्या किण्वनातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूचा हायड्रोजनाशी संयोग घडवून मेथॅनॉल, मिथेन यांसारखी इंधने व रसायने मिळविण्यासाठी योजिले जाणारे पदार्थ. हा वायू म्हणजे कार्बनाच्या ज्वलनाची अखेरची अवस्था असल्यामुळे त्याला पुन्हा इंधनाचे रूप देण्यास बाहेरून, येथे हायड्रोजनाच्या रूपाने, ऊर्जा पुरवावीच लागते. उत्प्रेरक विक्रियेला वेग देतो व वाट दाखवितो, ऊर्जेचा जमाखर्च मात्र तो बदलू शकत नाही, याचा विसर या विषयावरील उत्साही लेखनास वारंवार पडतो.

फ्रेंच रसायनज्ञ पॉल साबात्ये यांनी १९०२ मध्ये निकेलावर या वायूपासून मिथेन मिळविला. निकेल कार्बन व ऑक्सिजन यांचे दोन्ही बंध तोडतो; तांब्याच्या पृष्ठावर त्यांपैकी एक शाबूत राहतो आणि म्हणून तेथे मेथॅनॉल हाती येते. प्रचलित उत्प्रेरक तांबे, जस्ताचे ऑक्साइड व ॲल्युमिना यांचा असून तो सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सियस तापमानास व ५० ते १०० वातावरण दाबाखाली वापरतात. विक्रिया उष्मादायी असल्याने कमी तापमानास मेथॅनॉलाचे प्रमाण वाढू शकते, पण वेग मंदावतो. तापमान चढविले तर कार्बन मोनॉक्साइडच अधिक तयार होतो. शिवाय विक्रियेतच निर्माण होणाऱ्या पाण्यामुळे तांब्याचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून निकामी होत जातात. उत्प्रेरकाच्या रचनेतील बहुतेक खटाटोप या तीन अडचणींभोवती चालतो.

महाराष्ट्रात या विषयाचे संशोधन प्रामुख्याने पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची आयआयटी व रसायन तंत्रज्ञान संस्था येथे होते. शेवटच्या संस्थेचे माजी कुलगुरू गणपती यादव हे या मार्गाचे आग्रही पुरस्कर्ते असून तिची शाखा जालना येथे आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा येथील मद्यनिर्मितीच्या कारखान्यांत निघणारा वायू या कामास विशेष सोयीचा ठरावा, कारण किण्वनात ४६ किलो अल्कोहोलामागे ४४ किलो वायू जवळजवळ शुद्ध स्वरूपात मिळतो, तर परळीच्या औष्णिक केंद्राच्या धुरांड्यातील वायू नायट्रोजनात विरलेला व तांब्यास विषवत् असलेल्या गंधकाने युक्त असतो. तथापि खरा प्रश्न वायूचा नसून हायड्रोजनाचा आहे. तो विजेने पाण्यातून काढावयाचा तर ३२ किलो मेथॅनॉलासाठी ५४ किलो पाण्याचे विघटन करावे लागते व त्यापैकी १८ किलोच विक्रियेअंती परत मिळते. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात ही बाब हिशेबात धरणे भाग आहे.