वाटाड्याच्या मागून मुळशी

मुळशीतल्या तैलबैलाच्या दोन कातळभिंती समोरून पाहिल्या की मधली खाच ठळक दिसते. टोकाकडून पाहिल्या तर दोन्ही मिळून एकच सुळका वाटतो. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईची मंडळी पायथ्याच्या गावात येतात, पिठलं-भाकरी खाऊन ओसरीवर पथारी टाकतात. सकाळी गावचा वाटाड्या पुढे आणि बाकीचे मागे, अशी रांग पठारावरून निघते. पठार संपतं तिथे सह्याद्री एकदम तुटतो. खाली कोकण, समोर सुधागड.

इथून खाली उतरणाऱ्या वाटा फार जुन्या. सवाष्णीचा घाट सुधागडाच्या पायथ्याला धोंडशात उतरतो, वाघजाईचा घाट ठाणाळ्याकडे. घाटात वाघजाईचं ठाणं आहे; वाघाच्या रानातून जाताना वाटसरू तिला हात जोडायचे. ठाणाळ्याच्या जंगलातली बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. एवढ्या आडरानात लेणी का, हा प्रश्न घाट चढून आलेल्या माणसाला पडत नाही. चौलसारख्या बंदरांतला माल अशाच घाटांनी देशावर यायचा. दमलेल्या तांड्याला मुक्काम हवा, भिक्खूंना दान हवं. दोघांची गाठ वाटेवरच पडायची. पुढे मीठ, सुकी मासळी, धान्य बैलांच्या पाठीवरून याच वाटांनी चढत-उतरत राहिलं.

घाट आले की राखण आली. कोरबारसे मावळातले कोरीगड आणि घनगड त्यासाठीच उभे. घनगडाच्या वाटेवर गारजाईचं देऊळ लागतं आणि वर एका तुटक्या टप्प्यावर लोखंडी शिडी. कोरीगडाची तटबंदी आजही जवळजवळ सलग चालत फिरता येते. मार्च 1818मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरच्या तोफखान्याने गडावरचा दारूगोळा उडाला आणि किल्ला पडला.

वाटा मात्र तोफांनी मोडल्या नाहीत. 1830मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, 1863मध्ये तिथूनच रेल्वे चढली. बैलाच्या पाठीवर मावेल एवढ्या मालासाठी मग कोण कडा चढणार? मुळशीचे घाट गुराख्यांना, सोयरिकीला आणि बाजाराला जाणाऱ्यांना उरले. वाट लक्षात ठेवली ती त्यांनीच.

मुळशीवरचा खरा घाव पाण्याचा. मुंबईला वीज हवी म्हणून टाटा कंपनीने मुळा-निळेच्या संगमाजवळ धरण घातलं. पन्नासहून अधिक गावांच्या जमिनींवर गदा आली. 16 एप्रिल 1921ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना या लढ्यानेच दिली. बायका-पुरुष तुरुंगात गेले, तरी 1924च्या अखेरीस लढा विझला आणि भाताची खाचरं बुडाली. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी उभारलेला जगातला हा पहिल्या लढ्यांपैकी एक. जलाशयाकाठी फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी हे सांगायलाच हवं, आणि ते सांगण्याचा पहिला हक्क तिथल्याच माणसाचा आहे.

म्हणून वाटाड्याचं मोल केवळ रस्ता न चुकण्यापुरतं नाही. अंधारबनाची वाट पिंपरीहून निघते, हिर्डी गावावरून जाते आणि कुंडलिकेच्या दरीकडे उतरत भिऱ्याला पोचते. दाट झाडीत भर दुपारीही अंधारल्यासारखं होतं, नाव त्यावरून पडलं. ओढ्याला पाणी किती चढलं की थांबायचं, हे हिर्डीच्या माणसाला लहानपणापासून ठाऊक असतं. अतिपावसात वनखातं ही वाट बंद करतं, त्यालाही कारण तेच.

भिऱ्याला उतरलं की समोर वीजघर दिसतं. मुळशीचं पाणी 1927पासून डोंगर पार करून इथेच कोसळतं. वीज करून मोकळं झालेलं तेच पाणी पुढे कुंडलिकेत जातं. कोलाडच्या राफ्टवाल्यांचा दिवसही ते पाणी कधी सुटतं यावरच ठरतो.